बदामी फायलीतलं बोइंग

एअर इंडियाच्या बोइंग 777-300ईआर या प्रवासी विमानाचं मॉडेल निव्वळ कागदातून उभं करणाऱ्या अमेरिकन तरुणाची बातमी 2014 मध्ये जगभर फिरली. त्याचं नाव लुका याकोनी-स्टुअर्ट. अचाट वाटावं असंच ते काम होतं, पण कागदी विमानांची परंपरा त्याच्या कितीतरी आधीची.

तिला जोर आला दुसऱ्या महायुद्धात. लाकूड, धातू सगळं लढाईकडे वळलेलं, पोरांच्या हाती उरला कागद. ब्रिटनमध्ये 1941 पासून ‘मायक्रोमॉडेल्स’ निघाली. पोस्टकार्डाएवढ्या कागदांवर सुटे भाग छापलेले असत, ते कापायचे आणि चिकटवायचे. अमेरिकेत न्याहारीच्या धान्याच्या खोक्याची झाकणं पाठवली की कागदी लढाऊ विमानं मिळत. तोल साधायला त्यांच्या नाकात एक सेंटचं नाणं बसवायचं. पुढे 1957 मध्ये पोलंडात ‘मावि मोडेलाश’ मासिक सुरू झालं आणि कागदी मॉडेल हा तिथल्या घराघरातला छंद झाला.

प्रवासी विमान कागदाला मानवतं, त्यामागे साधी भूमिती आहे. कागद एका दिशेनेच वाकतो. त्याची नळी होते, शंकू होतो, पण चेंडू काही होत नाही. आकाशकंदील करणाऱ्यांना हे सांगायला नको: गोलाई हवी तर पट्ट्या कापून जोडाव्या लागतात. 777 चं धड म्हणजे सरळ नळीच, छेदही बरोब्बर गोल. खरी परीक्षा नाकाशी आणि शेपटाशी. तिथे पाकळ्यांसारखे तुकडे काठाला काठ भिडवून चिकटवायचे. एक तुकडा केसभर सरकला की शेवटची फट झाकता झाकत नाही.

लुकाने 2008 मध्ये शाळेत असतानाच सुरुवात केली. वास्तुरचनेच्या वर्गात मॅनिला फोल्डरची मॉडेलं करताना त्याला हे सुचलं. मॅनिला फोल्डर म्हणजे आपल्या कचेऱ्यांतली ती बदामी फाइल. फिलिपिन्समधल्या अबाका या केळीवर्गीय झाडाच्या धाग्यावरून, म्हणजे ‘मॅनिला हेम्प’वरून, हे नाव पडलं. आता मात्र ती लाकडाच्या लगद्याचीच असते. एअर इंडियाच का, तर त्या विमानाच्या आसनव्यवस्थेचा बारकाईने काढलेला नकाशा त्याला सापडला होता. विमानाच्या प्रेमापेक्षा नकाशा हाताशी असणं मोठं, हे कुठलाही कारागीर मान्य करेल.

प्रमाण 1:60. खरं विमान 73.9 मीटर लांब, म्हणजे मॉडेल सव्वा मीटरच्या आसपास. भाग संगणकावर आखायचे, फोल्डरवर छापायचे, धारदार कटरने कापायचे आणि चिमट्याने बसवायचे. चाकं पोटात ओढली जातात, तीही कागदाचीच. इकॉनॉमीच्या एका खुर्चीला वीस मिनिटं, बिझनेसच्या खुर्चीला चार ते सहा तास, फर्स्ट क्लासच्या खुर्चीला आठ तास! तिकिटांच्या दरातली दरी इथेही सुटली नाही. मनासारखं न झालेलं शेपूट त्याने मोडून पुन्हा केलं. विमानासाठी कॉलेजही अर्धवट सोडलं.

गंमत म्हणजे 1994 मध्ये पहिल्यांदा उडालेलं 777 हे पूर्णपणे संगणकावर आखलेलं पहिलं मोठं प्रवासी जेट. कागदी आराखड्यांचे ढीग टाळून जन्मलेल्या त्या विमानाला लुकाने पुन्हा कागदात आणलं. पुढे सिंगापूर एअरलाइन्सने जाहिरातीसाठी त्याच्याकडून आपल्या एअरबस ए380 विमानाचं मॉडेल करून घेतलं, तेही त्याच बदामी फोल्डरांतून.