शेरा मारला होता, आकडा खोडला नव्हता

‘नासाच्या कॉम्प्युटरने ओझोनचं भोक केराच्या टोपलीत टाकलं’ ही गोष्ट परवा पुन्हा व्हॉट्सॲपवर आली. भोक म्हणजे अंटार्क्टिकावर ओझोनचा थर फार विरळ झालेला भाग; उपग्रहाने मोजलेले तिथले कमी आकडे कॉम्प्युटरने चूक समजून फेकून दिले, असं ती सांगते. गोष्ट झकास आहे, फक्त खरी नाही.

ऑक्टोबर १९७८ मध्ये निम्बस-७ उपग्रह वर गेला. त्यावरचं ‘टॉम्स’ हे उपकरण ओझोन थेट मोजत नव्हतं, हवेतून आणि ढगांवरून उलट परतलेला अतिनील प्रकाश मोजत होतं. ३१२.५ नॅनोमीटरचा प्रकाश ओझोन भरपूर गिळतो, ३३१.२चा थोडाच. दोन्हींच्या गुणोत्तरावरून वाटेत किती ओझोन होता ते ताडता येतं. पण सूर्य कलला की प्रकाशाची वाट लांबते, ढग आला की खालचा ओझोन झाकतो. हे सगळं गणितात बसतं खरं, पण दिवसाला सुमारे दोन लाख मोजमापं! प्रत्येकासाठी ते नव्याने सोडवणं तेव्हाच्या यंत्रांना झेपणारं नव्हतं.

म्हणून गणित आधीच, उलट्या बाजूने करून ठेवलं. ओझोन इतका, सूर्य इतका कललेला, खालचा पृष्ठभाग इतका उजळ, तर किती प्रकाश परतेल? त्याचे तक्ते बनवले. मोजमाप आलं की तक्त्यात शोधायचं, दोन नोंदींच्या मधे पडलं तर मधला आकडा काढायचा. लॉग टेबल वापरलेल्यांना ही युक्ती ओळखीची वाटेल.

गोम अशी, की तक्ते जुन्या निरीक्षणांवर बेतलेले. मोजमाप अशा वातावरणाचं असेल, जे आधी कुणी पाहिलंच नाही, तर? उत्तर येतंच, भरवसा मात्र उरत नाही. म्हणून १८० डॉब्सनखालच्या आकड्यावर ‘संशयास्पद’ असा शेरा पडे. (डॉब्सन हे ओझोन मोजायचं एकक; १०० डॉब्सन म्हणजे सगळा ओझोन जमिनीवर आणून पसरला तर १ मिलिमीटरचा थर.) आकडा जागेवरच राही. ‘कॉम्प्युटर लपवतो’ म्हणणारे आणि ‘कॉम्प्युटर चुकत नाही’ म्हणणारे, दोघांनाही एकाच पंगतीला बसवावं.

१९८४ मध्ये आदल्या ऑक्टोबरच्या नोंदी तपासताना अंटार्क्टिकावर अशा शेऱ्यांची गर्दी दिसली. दक्षिण ध्रुवावरच्या जमिनीवरील उपकरणाशी पडताळलं, तर तिथे ३००! चुकलेलं होतं ते जमिनीवरचं उपकरण, पण हे कळेपर्यंत वेळ गेला. मे १९८५ मध्ये फार्मन, गार्डिनर आणि शँकलिन या ब्रिटिश शास्त्रज्ञांनी अंटार्क्टिकातल्या हॅली बे या संशोधन केंद्रावरच्या घटत्या ओझोनचा शोधनिबंध ‘नेचर’ या विज्ञान नियतकालिकात छापला.

हॅली बे हा नकाशावरचा एक ठिपका. नासाच्या पवन भार्तिया यांनी ऑगस्टमध्ये प्रागच्या परिषदेत टॉम्सचा नकाशा दाखवला, त्यात भोक जवळजवळ अख्ख्या अंटार्क्टिकावर पसरलेलं होतं.