वासोटा बेट नाही, आणि सकाळी उशीर का चालत नाही
(बामणोलीत आमच्याकडे येणाऱ्या पाहुण्यांसाठी)

फोनवर रोज एक प्रश्न हमखास येतो, "तलावातल्या त्या बेटावरच्या किल्ल्यावर न्याल का?" नेऊ, जरूर नेऊ. पण वासोटा हे बेट नाही, आणि हे आधी कळलं तर पुढची बरीच धावपळ वाचते.

वासोटा सह्याद्रीच्या मुख्य धारेवर आहे. किल्ल्याला बाबू कडा नावाचा तुटलेला कडा आहे, त्याच्या टोकाशी उभं राहिलं की पायाखाली थेट कोकण दिसतं. त्या अंगाने खेड तालुक्यातलं चोरवणे गाव लागतं. म्हणजे मागच्या बाजूने जमीन आहेच, पाणी फक्त आपल्या बाजूला आहे. तेही मुळात नव्हतं. महाबळेश्वराकडून येणाऱ्या कोयनेचं हे खोरं होतं, त्यात गावं होती, भातखाचरं होती. देशमुखवाडीजवळ 103 मीटर उंचीचं धरण झालं आणि 1960 च्या दशकात खोरं भरलं. सुमारे 105 टीएमसी पाणी मावणारा हा शिवसागर जलाशय तेव्हाचा. पायथ्याचं मेट इंदवली गाव उठलं आणि त्या रानात माणसाची वस्ती राहिली नाही. रान एवढं दाट आहे, त्याचं हे एक मोठं कारण. 1985 साली कोयना अभयारण्य झालं, 2010 पासून ते सह्याद्री व्याघ्र प्रकल्पात आहे. शिवाजी महाराजांनी किल्ल्याला व्याघ्रगड नाव दिलं होतं, ते असं पुन्हा जुळून आलं.

खरी बेटंही जलाशयात आहेत. ते बुडालेल्या टेकड्यांचे माथे. ऑक्टोबरात चारी बाजूंनी पाणी असलेला उंचवटा मे महिन्यात काठाला जोडलेला दिसतो, कारण इथलं पाणी बोगद्यांतून पश्चिमेला पोफळीच्या वीजघराकडे जातं आणि उन्हाळ्यात पातळी खूप उतरते. तेव्हा जुन्या शेतांचे बांध उघडे पडतात. बोटीतून ते बघताना आमच्याकडची वडीलधारी माणसं गप्प होतात. त्या उंचवट्यांवर आम्ही कुणाला उतरवत नाही, कृपया आग्रह करू नये.

आता उशिराबद्दल. पुण्याहून पहाटे पाचला निघायचं, साताऱ्यात नाश्ता, कासला फोटो, आणि साडेदहाला इथे पोचून "बोट काढा" म्हणायचं, असं दर शनिवार-रविवारी होतं. हिशेब तुम्हीच करून बघा. बोटीला दीड तास. गड चढायला अडीच तास, सवय नसेल तर तीन. वर एक तास तरी हवाच. उतरायला दोन तास आणि परत बोटीचे दीड. साडेआठ ते नऊ तास झाले! डिसेंबरात सहाला सूर्य मावळतो. अंधारात बोट चालवायची नाही, गडावर किंवा रानात मुक्काम करायचा नाही, हा नियम आहे. त्यामुळे उशिरा आलेल्यांना आम्ही नाही म्हणतो. काहींना राग येतो. पण त्या रानात गवे आहेत, अस्वलं आहेत, आणि तुम्हाला सुखरूप परत आणणं आमच्यावर आहे.

निघण्याआधी वनखात्याची परवानगी लागते. त्यासाठी प्रत्येकाचं ओळखपत्र छायाप्रतीसह आणावं. पलीकडे चौकीवर पिशव्या उघडून पाण्याच्या बाटल्या आणि बिस्किटाचे पुडे मोजले जातात, आणि येताना तेवढेच परत दाखवावे लागतात. डब्यात चपाती-भाजी घेतली तर हा वेळही वाचतो. आमच्याकडे सांगितलंत तर सकाळी सहाला डबा तयार असतो.

वर काय बघायचं, तेही विचारतात. बिनछपराचं मारुतीचं देऊळ, पाण्याची टाकी, महादेवाचं मंदिर. पण गडाची गोष्ट ठाऊक असेल तर ते दगड बोलतात. जावळी घेतल्यानंतर काही वर्षांनी, 1660 मध्ये, महाराज पन्हाळ्यावर वेढ्यात असताना वासोटा स्वराज्यात आला. पुढे पेशवाईत ताई तेलिणीने याच गडावरून पेशव्यांचे सेनापती बापू गोखले यांच्या फौजेशी कित्येक महिने झुंज दिली. धान्याच्या कोठाराला आग लागली, तेव्हाच गड पडला. 1818 मध्ये पेशव्यांनी साताऱ्याच्या छत्रपतींचं कुटुंब इथे ठेवलं होतं. इंग्रजांनी समोरच्या जुन्या वासोट्यावर तोफा चढवल्या, आणि एवढा अवघड गड फार दिवस टिकला नाही. वर गेल्यावर समोरचा तो डोंगर नक्की बघा, म्हणजे अंतर किती कमी आहे ते कळेल. आमचा वाटाड्या ही जागा दाखवतो.

म्हणून आमचं म्हणणं एवढंच, आदल्या रात्री मुक्कामाला या. पाण्याकाठी तंबू आहेत, रात्री भाकरी-पिठलं किंवा कोंबडीचा रस्सा मिळतो. बोट माणशी नसते, अख्खी ठरते, म्हणून नेमकी संख्या दोन दिवस आधी कळवा. पावसाळ्यात गड बंद असतो. आणि सकाळी सातला परवानगीच्या रांगेत उभे राहा, आमचा माणूस सोबत असेल.