बातमीदार गेला, त्याची जागाही गेली

पंधरा-वीस वर्षे विधिमंडळ, मंत्रालये आणि पक्ष कार्यालये पालथी घातलेला राजकीय वार्ताहर एक दिवस राजीनामा देतो आणि एखाद्या कंपनीत, विद्यापीठात, जनसंपर्क संस्थेत किंवा थेट मंत्र्याच्या कार्यालयात रुजू होतो, याचे आता कुणाला नवल वाटत नाही. अशी माणसे पूर्वीही जात होती. बदलले ते नंतरचे. पूर्वी त्या जागेवर दुसरा वार्ताहर यायचा. गेल्या दोन दशकांत अनेक वृत्तपत्रांनी ती जागाच रद्द केली. या सगळ्या गळतीत सर्वांत काळजीची गोष्ट हीच आहे आणि ती समजून घ्यायची तर थोडे मागे जावे लागते.

मुळात राजकीय वार्तांकन हे आयुष्यभराचे काम आहे, ही समजूतच तशी अलीकडची. ब्रिटिश संसदेच्या कॉमन्स सभागृहात वार्ताहरांसाठी १८०३ साली जागा राखून ठेवली गेली, तेव्हा तिथे बसणाऱ्यांत वकिलीचा अभ्यास करणारे, लेखक होऊ पाहणारे तरुण बरेच असत. चार्ल्स डिकन्स १८३०च्या दशकात ‘मॉर्निंग क्रॉनिकल’साठी संसदेची भाषणे लघुलिपीत टिपून घेत असे. कादंबरीकार म्हणून नाव होताच त्याने ते काम सोडले. त्यात कुणाला वावगे वाटले नाही. वार्ताहराची खुर्ची ही पुढे जाण्याची पायरी होती.

विसाव्या शतकाच्या सुरुवातीला या वाटेला वेगळे वळण मिळाले. आयव्ही ली हा न्यूयॉर्कच्या वृत्तपत्रांतला बातमीदार. १९०३ साली त्याने ती नोकरी सोडली, महापौरपदाच्या निवडणुकीत सेथ लो यांच्या प्रचाराचे लेखन केले आणि एक-दोन वर्षांतच जॉर्ज पार्कर यांच्याबरोबर प्रसिद्धीचे काम करणारी कंपनी काढली. १९०६ साली कोळसा खाणमालकांच्या वतीने काम करताना त्याने वृत्तपत्रांना एक निवेदन पाठवले. आमचे काम उघडपणे चालते, आम्ही माहिती पुरवतो, तपशील पडताळायला मदत करतो, असा त्याचा आशय होता. आधुनिक जनसंपर्क व्यवसायाची सुरुवात सांगताना हे निवेदन हटकून येते. ली विकत होता ते बातमीदाराचेच कसब: संपादक कोणती गोष्ट उचलतो, कोणती बाजूला ठेवतो, मथळा कशाचा होतो. तोवर हे ज्ञान वृत्तपत्राच्या आत होते. आता त्याला बाहेर गिऱ्हाईक मिळाले.

सरकारेही मागे राहिली नाहीत. वृत्तसंस्थेत मुरलेले स्टीफन अर्ली १९३३ पासून अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष रूझवेल्ट यांचे प्रसिद्धी सचिव होते. ‘न्यूयॉर्क टाइम्स’चे राजकीय वार्ताहर जेम्स हॅगर्टी १९४३ मध्ये न्यूयॉर्कचे गव्हर्नर टॉमस ड्यूई यांच्याकडे गेले आणि पुढे राष्ट्राध्यक्ष आयझेनहॉवर यांच्या दोन्ही कार्यकाळांत, १९५३ ते १९६१, व्हाइट हाउसचे प्रवक्ते राहिले. ब्रिटनमध्ये ‘गार्डियन’मध्ये कामगार क्षेत्राचे वार्तांकन करणारे बर्नार्ड इंगहॅम १९६७ साली सरकारी सेवेत शिरले आणि पुढे मार्गारेट थॅचर यांचे प्रसिद्धी सचिव झाले. ‘डेली मिरर’चे राजकीय संपादक राहिलेले अ‍ॅलिस्टर कॅम्पबेल १९९४ मध्ये टोनी ब्लेअर यांच्याकडे आले. डेव्हिड अ‍ॅक्सलरॉड ‘शिकागो ट्रिब्यून’चे राजकीय बातमीदार होते. १९८४ साली ते पॉल सायमन यांच्या सिनेट प्रचारात गेले, मग स्वतःची सल्लागार संस्था काढली आणि पुढे ओबामांचे प्रमुख रणनीतिकार म्हणून जगाला माहीत झाले.

या सगळ्यांत जेराल्ड टरहॉर्स्ट यांची गोष्ट मला सर्वांत महत्त्वाची वाटते. ‘डेट्रॉइट न्यूज’च्या वॉशिंग्टन ब्युरोचे प्रमुख, जेराल्ड फोर्ड यांना मिशिगनमधल्या सुरुवातीच्या दिवसांपासून ओळखणारे. ९ ऑगस्ट १९७४ रोजी वॉटरगेट प्रकरणात अडकलेल्या निक्सन यांनी राष्ट्राध्यक्षपद सोडले, उपराष्ट्राध्यक्ष फोर्ड यांनी त्यांच्या जागी शपथ घेतली आणि टरहॉर्स्ट प्रसिद्धी सचिव झाले. निक्सन यांना माफी मिळणार का, असे वार्ताहर विचारत होते. आत चौकशी करून, मिळालेल्या उत्तरावर विसंबून टरहॉर्स्ट तसे काही नसल्याचे सांगत राहिले. ८ सप्टेंबरच्या रविवारी फोर्ड यांनी माफी जाहीर केली. व्हिएतनाम युद्धात लढायला नकार देणाऱ्या तरुणांना माफी नाही आणि निक्सन यांना आहे, याचे समर्थन मी करू शकत नाही, अशी भूमिका घेत टरहॉर्स्ट यांनी त्याच दिवशी राजीनामा दिला. जेमतेम महिनाभराची नोकरी. ते पुन्हा ‘डेट्रॉइट न्यूज’मध्ये गेले, स्तंभ लिहू लागले. वृत्तपत्रात त्यांच्यासाठी जागा होती, म्हणून त्यांना ताठ मानेने परत येता आले. विवेकाला पटले नाही तर परत फिरण्याची ही सोय आज सरकारी प्रवक्ता होणाऱ्या वार्ताहरापाशी क्वचितच असते. १९८१ मध्ये मात्र टरहॉर्स्ट यांनीही वृत्तपत्र सोडले आणि फोर्ड मोटर कंपनीच्या वॉशिंग्टन कार्यालयात जनसंपर्काचे काम पत्करले.

भारतात या गोष्टीची घडण वेगळी आहे. स्वातंत्र्यलढ्याच्या काळात वृत्तपत्र आणि राजकारण एकाच घरात नांदत होते. संपादकच पुढारी असे, त्यामुळे ‘बाहेर जाणे’ हा प्रश्नच नव्हता. स्वातंत्र्यानंतर पत्रकारिता ही नोकरी झाली आणि १९५५च्या श्रमिक पत्रकार कायद्याने तिला कामाचे तास, रजा, नुकसानभरपाई आणि वेतन मंडळाचा आधार दिला. कुलदीप नय्यर तर उलट दिशेने आले. गोविंद वल्लभ पंत आणि लालबहादूर शास्त्री यांचे माहिती अधिकारी म्हणून काम केल्यानंतर ते वृत्तसंस्थेत आणि वृत्तपत्रांत गेले. पुढे पंतप्रधान कार्यालयाने माध्यम सल्लागार म्हणून पत्रकारांना बोलावण्याचा प्रघात दृढ झाला. मनमोहन सिंग यांच्याकडे २००४ मध्ये संजय बारू गेले, २००९ मध्ये हरीश खरे.

पण या ठळक नावांपेक्षा कंत्राटी पद्धतीने जास्त माणसे बाहेर ढकलली. १९९०च्या दशकापासून वृत्तपत्रांनी नव्या माणसांना ठरावीक मुदतीच्या करारावर घेण्याचा सपाटा लावला. पत्रकारांच्या पगाराबाबतच्या मजिठिया वेतन मंडळाच्या शिफारशी सरकारने नोव्हेंबर २०११ मध्ये लागू केल्या, सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी २०१४ मध्ये त्या वैध ठरवल्या आणि कंत्राटी कर्मचाऱ्यांनाही त्या लागू आहेत हे स्पष्ट व्हायला २०१७ उजाडले. ज्या धंद्यात कायद्याने ठरलेला पगार मिळवायला न्यायालयाच्या पायऱ्या झिजवाव्या लागतात, तिथे चाळिशीतल्या माणसाने बाहेरची नोकरी शोधली तर त्याला दोष देववत नाही.

आता पैशाचे गणित. राजकीय बीट, म्हणजे वार्ताहराला नेमून दिलेले राजकारणाचे क्षेत्र, स्वतःच्या बळावर कधीच पोसली गेली नाही. विधेयकाच्या बातमीशेजारी कुणी आवर्जून जाहिरात देत नाही. घरे, गाड्या, नोकऱ्या यांच्या छोट्या जाहिरातींचा पैसा विधिमंडळात बसलेल्या माणसाचा पगार भागवत होता. १९९५ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोत सुरू झालेल्या क्रेग्सलिस्टसारख्या सेवांनी या जाहिराती फुकटात घेतल्या, मग गूगल आणि फेसबुकने मोठ्या जाहिराती ओढल्या. अमेरिकी वृत्तपत्रांचे जाहिरात उत्पन्न २००५ मध्ये सुमारे ४९ अब्ज डॉलर होते. २०२० मध्ये ते १० अब्जांच्याही खाली आले. २००८च्या मंदीने उरलीसुरली उसंतही संपवली.

कपात करताना बहुतेक व्यवस्थापनांनी आधी स्वेच्छानिवृत्तीची योजना आणली. कागदावर ती माणुसकीची दिसते. पण रक्कम नोकरीच्या वर्षांवर ठरते, म्हणजे जितका अनुभव जास्त, तितका जाण्याचा मोह मोठा. व्यवस्थापनालाही मोठे पगार कमी झालेले हवेच असतात. परिणामी सर्वांत जास्त स्मरणशक्ती असलेली माणसे सर्वांत आधी उठतात. ‘वॉशिंग्टन पोस्ट’चे डेव्हिड ब्रोडर, अमेरिकी राजकारणाच्या वार्तांकनातले ज्येष्ठतम नाव, २००८ साली अशाच योजनेत नोकरीतून बाहेर पडले. त्यांनी करारावर स्तंभ चालू ठेवला. बाकीच्या अनेकांना तेवढेही जमले नाही.

अमेरिकेतल्या राज्यांच्या विधिमंडळांत पूर्णवेळ बसणाऱ्या वृत्तपत्रीय वार्ताहरांची ‘अमेरिकन जर्नलिझम रिव्ह्यू’ने मोजणी केली, तेव्हा २००३ मध्ये ते ५२४ होते, २००९ मध्ये ३५५. सहा वर्षांत जवळपास तिसरा हिस्सा गेला.

यात नेमके काय जाते? अनुभवी वार्ताहर विधेयकाचा नवा मसुदा हाती येताच आधीच्या मसुद्याशी ताडून पाहतो. कलमातला ‘करील’ हा शब्द ‘करू शकेल’ असा झालेला त्याच्या डोळ्यांना टोचतो. हेच कलम दोन सरकारांपूर्वी कुणाच्या दबावाखाली मागे घेतले होते, हे त्याला आठवते. मतदानाच्या वेळी नेमका गैरहजर असलेला सदस्य आजारी आहे की बाहेर मुद्दाम थांबला आहे, हे विचारायला कुणाला फोन करायचा, ते त्याला ठाऊक असते. हे कुठल्या पुस्तकात मिळत नाही. नवा माणूस हुशार असला तरी हे साठवायला त्यालाही तेवढीच वर्षे लागतात आणि तेवढी वर्षे त्याला आता कुणी देत नाही.

समोरच्या बाजूला मात्र भरती चालूच असते. प्यू संशोधन केंद्राच्या पाहणीनुसार अमेरिकेत २००४ मध्ये एका बातमीदारामागे जनसंपर्कातली ३.२ माणसे होती, २०१३ मध्ये ४.६. जनसंपर्कातला माणूस एक डॉलर मिळवत असेल तर बातमीदाराला ६५ सेंट मिळत होते. त्यात रात्री-अपरात्रीचे फोन, एकाच दिवसात बातमी, चित्रफीत आणि समाजमाध्यमांवरची पोस्ट अशी तिहेरी मागणी, वर ऑनलाइन शिवीगाळ. विशेषतः स्त्री वार्ताहरांना तिचा जाच फार सोसावा लागतो.

गेलेल्या माणसाचे ज्ञान वाया जात नाही. ते दुसऱ्या दारी जाते. अमुक समितीत विधेयक अडेल का, नवा मंत्री कुणाचे ऐकतो, हे तोच माणूस आता बंद टिपणात लिहितो आणि ते टिपण पैसे मोजणाऱ्या ग्राहकापर्यंत पोहोचते. काल हेच चार आण्या-आठ आण्यांच्या अंकात कुणालाही वाचता येत होते. पत्रकारितेतही हा ओघ दिसतो. ‘वॉशिंग्टन पोस्ट’ सोडून जॉन हॅरिस आणि जिम व्हँडहाय यांनी २००७ मध्ये ‘पोलिटिको’ सुरू केले आणि २०११ मध्ये त्याची धोरणांवरची महागडी वर्गणीसेवा आली. तिचे वाचक प्रामुख्याने लॉबिंग करणारे, म्हणजे सरकारी निर्णय आपल्या बाजूने वळवू पाहणारे, कंपन्या आणि सरकारी कार्यालये. वार्तांकन दर्जेदार आहे, पण ते सामान्य मतदारासाठी नाही.

परतीचे काही प्रयत्न झाले आहेत. २००९ मध्ये ‘टेक्सस ट्रिब्यून’ देणग्यांवर उभे राहिले. त्याच्या संस्थापकांपैकी रॉस रॅम्झी हे वृत्तपत्र सोडून राज्याच्या लेखा खात्यात गेलेले आणि पुन्हा बातमीदारीत आलेले. प्यूने २०२२ मध्ये पुन्हा मोजणी केली, तेव्हा राज्य विधिमंडळांत ना-नफा संस्थांचे वार्ताहर २०१४ मधल्या ९२ वरून ३५३ वर गेले होते. वृत्तपत्रांचे, अर्धवेळ धरूनही, ६०४ वरून ४४८ वर आले होते. एकूण आकडा वाढला, पण पूर्णवेळ बसणारे मात्र ९०४ वरून ८५० वर घसरले. वाढ झाली ती अर्धवेळ काम करणारे, विद्यार्थी आणि फक्त अधिवेशनापुरते येणारे यांच्या जोरावर.