पिफ१ नसलेल्या यीस्टची स्लँट मिळाली की आधी ग्लिसरॉलच्या वायपीजी माध्यमावरच घ्या

कॉलेजं सुरू झाली की आम्हाला, म्हणजे प्रॅक्टिकलसाठी यीस्ट पुरवणाऱ्यांना, एक ठरलेला फोन येतो, कधी म्हापशाहून, कधी काणकोणहून. "तुमचं पिफ१ नसलेलं यीस्ट ग्लिसरॉलवर वाढतच नाही, कल्चर चुकीचं आलं." कल्चर बरोबरच गेलेलं असतं. बिघडतं ते पोहोचल्यावर, आणि बहुतेक वेळा एकाच कारणाने.

पिफ१ हे मायटोकाँड्रियातल्या डीएनएचे दोन धागे उलगडणारं एन्झाइम. फ्रांस्वाझ फूरी आणि सहकाऱ्यांनी १९९१ मध्ये ते शुद्ध करून दाखवलं की एटीपी खर्चून ते धाग्याच्या ५ प्राइम टोकाकडून ३ प्राइम टोकाकडे सरकतं. पेशीकेंद्रातही त्याला काम आहे, पण तो विषय वेगळा. यीस्टच्या मायटोकाँड्रियात सुमारे ८५ हजार बेसजोड्यांचा डीएनए असतो. पिफ१ नसेल तर त्याची दुरुस्ती नीट होत नाही आणि तो गमावलेल्या, म्हणून श्वसन करू न शकणाऱ्या पेशी, म्हणजे पेटिट, भराभर तयार होतात. साध्या यीस्टमध्येही शंभरात एखादी पेटिट निघते.

चूक होते ती इथे. स्लँट, म्हणजे नळीतल्या तिरक्या अगारावरचं कल्चर, हातात आली की सवयीने वायपीडीवर, म्हणजे डेक्स्ट्रोज साखरेच्या माध्यमावर, रेघ ओढली जाते. डेक्स्ट्रोजवर पेटिट आरामात जगते, कारण तिचं आंबवण्यावर भागतं. दर शुक्रवारी जुन्या प्लेटवरून नव्या प्लेटवर घेत गेलात, की महिन्याभराने लूपवर, म्हणजे पेशी उचलायच्या तारेवर, काय येतंय ते सांगता येत नाही. मग प्रॅक्टिकलच्या दिवशी ग्लिसरॉलची प्लेट कोरी निघते. गेलेला डीएनए परत येत नाही, कितीही दिवस थांबलात तरी.

एका मॅडमनी सांगितलं, "आम्ही तर ग्लिसरॉलमध्येच ठेवलं होतं." त्या फ्रीझरच्या साठ्याबद्दल बोलत होत्या. तिथलं ग्लिसरॉल गोठताना पेशी वाचाव्यात म्हणून असतं, पेटिट वेगळ्या काढायचं काम ते करत नाही. वायपीजी माध्यमात मात्र साखरेच्या जागी तेच मुख्य खाद्य असतं, म्हणून तिथे श्वसन करणारीच पेशी वाढते.

तेव्हा स्लँट आल्या दिवशीच ३ टक्के ग्लिसरॉलच्या वायपीजीवर, ३० अंशांवर. चार-पाच दिवस लागतात आणि कॉलन्या बारीक दिसतात, तरी घाई नको. फ्रीझरचा साठाही याच प्लेटवरून करा. शंका असेल तर वायपीडीवर कॉलन्या आल्यावर टेट्राझोलियम घातलेला कोमट अगार ओता. श्वसन करणाऱ्या लाल होतात, पेटिट पांढऱ्या राहतात.

आम्ही स्लँट वायपीजीवरच वाढवतो, म्हणून आठवडा लागतो आणि दर थोडा चढा पडतो. डेक्स्ट्रोजवर दोन दिवसांत देता येईल, पण मग त्यात किती पेटिट गेल्या हे आम्हालाच माहीत नसेल. प्रत्येक बॅचच्या टेट्राझोलियम प्लेटचा फोटो पार्सलमध्ये असतो. तयार वायपीजी प्लेट्स दहाच्या पॅकमध्ये मिळतात. पंधरा दिवसांत तुमच्या वायपीजी प्लेटचा फोटो दाखवलात तर एकदा स्लँट विनामूल्य बदलून देऊ.

ऑर्डर प्रॅक्टिकलच्या दोन आठवडे आधी द्या. चतुर्थीच्या आठवड्यात आमच्याकडून पार्सल निघत नाही.