ड्रॅगनच्या तोंडाची घरं : होल्म मुंथे यांच्या वास्तुकलेची पार्श्वभूमी

रशियातल्या कालिनिनग्राड शहराच्या मध्यवर्ती उद्यानात एक लाकडी इमारत आहे. उद्यानाचं कार्यालय तिथेच चालतं. हे शहर दुसऱ्या महायुद्धापर्यंत जर्मनांचं क्यॉनिग्सबर्ग होतं, पण ही इमारत जर्मन वळणाचीही नाही आणि रशियन वळणाचीही नाही. ती नॉर्वेची. १८९१ मध्ये जर्मन सम्राट कैसर विल्हेल्म दुसरा याच्यासाठी पूर्व प्रशियातल्या रोमिन्टेनच्या जंगलात एक शिकारवाडा उभा राहिला, त्याचाच हा उरलेला भाग. युद्धानंतर तो उचलून शहरात आणला गेला. वाड्याचा आराखडा केला होता होल्म हान्सेन मुंथे या नॉर्वेजियन वास्तुविशारदानं.

जर्मन सम्राटाला नॉर्वेच्या सुतारांचं घर का हवंसं वाटलं, हे कळायला त्याआधीची पाऊणशे वर्षं पाहावी लागतात.

जवळजवळ चारशे वर्षं डेन्मार्कशी बांधलेला नॉर्वे १८१४ मध्ये सुटला, आणि त्याच वर्षी स्वीडनच्या राजाखाली आला. स्वतःची राज्यघटना होती, स्वतःची संसद होती, राजा मात्र सामाईक. राजधानी क्रिस्तियानियात (म्हणजे आजच्या ऑस्लोत) राजवाडा आणि विद्यापीठ बांधायचं ठरलं. ते काम ज्या लिन्स्टोव्ह आणि ग्रोश यांच्याकडे गेलं, ते दोघेही डेन्मार्कमध्ये जन्मलेले. त्यांनी बांधलं ते त्या काळच्या युरोपभरच्या चालीप्रमाणे, ग्रीक वळणाचे खांब लावून. इमारती देखण्या आहेत, यात शंका नाही. पण त्यात नॉर्वेचं स्वतःचं म्हणावं असं फार थोडं होतं.

स्वतःचं जे होतं, ते खेड्यात होतं आणि झपाट्यानं मोडत होतं. मध्ययुगात नॉर्वेत हजाराच्या वर लाकडी चर्चेस होती. त्यांना ‘स्टाव्ह’ चर्च म्हणतात. स्टाव्ह म्हणजे उभा खांब. दगडी जोत्यावर आडव्या तुळया, तुळयांवर उभे खांब, मध्ये उभ्या फळ्या, आणि वर एकावर एक चढत जाणारी छपरं. बाहेरून पाइनच्या लाकडापासून काढलेलं डांबर पुन्हापुन्हा चोपडायचं. लाकूड जमिनीला टेकत नसे, म्हणून आठशे-नऊशे वर्षं ते टिकलं. बोर्गुंडच्या चर्चच्या छपरावर ड्रॅगनची मुंडकी आहेत. उरनेसच्या दारावर एकमेकांत गुंतलेले, एकमेकांना चावणारे प्राणी कोरले आहेत. डोळ्यांनी एकाची रेष धरून निघावं तर ती कधी दुसऱ्याच्या अंगात शिरते ते कळत नाही.

१८५१ च्या कायद्यानं ठरवलं, की चर्चमध्ये गावच्या निदान तीन दशांश लोकांना बसायला जागा हवी. जुनी चर्चेस लहान होती. ती पाडून नवी बांधण्याचा सपाटा लागला. आज नॉर्वेत अशी चर्चेस जेमतेम 28 उरली आहेत. हे वाचताना अजूनही पोटात तुटतं.

काही माणसांनी मात्र जिवाचं रान केलं. चित्रकार यूहान क्रिस्तियान दाल यांनी १८३७ मध्ये या चर्चेसची चित्रं जर्मनीत छापली, तेव्हा कुठे त्यांची कीर्ती बाहेर गेली. वांगचं चर्च मोडीत निघालं, तेव्हा दाल यांनी प्रशियाच्या राजाला, फ्रेडरिक विल्हेल्म चौथा याला, गळ घालून १८४१ मध्ये ते विकत घ्यायला लावलं. सुटं करून ते समुद्रापार नेलं गेलं. आज ते पोलंडच्या कार्पाचमध्ये डोंगरात उभं आहे. कैसर विल्हेल्म दुसरा म्हणजे याच राजाच्या धाकट्या भावाचा नातू. नॉर्वेच्या लाकडाचं वेड त्या घराण्यात असं आधीपासून होतं.

१८४४ मध्ये प्राचीन वास्तू जपणारी संस्था निघाली. १८८० मध्ये गोकस्टाडच्या टेकाडातून व्हायकिंग जहाज निघालं, आणि त्याबरोबर पुरलेल्या पलंगाच्या खांबांवर प्राण्यांची कोरीव मुंडकी सापडली. पुढच्या चार-पाच वर्षांत ‘गोल’ नावाच्या गावचं स्टाव्ह चर्च राजा ऑस्कर दुसरा याच्या पैशानं क्रिस्तियानियाजवळच्या बिग्डोयला आणून उभं केलं. खेड्यातलं लाकूडकाम राजधानीच्या दारात आलं.

मुंथे कामाला लागले ते याच दिवसांत. जन्म १८४८ चा, स्टांगेचा. नॉर्वेत तेव्हा वास्तुकलेचं उच्च शिक्षण नव्हतं, म्हणून अनेक होतकरू मुलं जर्मनीतल्या हानोव्हरला जात. मुंथेही गेले. बांधकामाचं साहित्य जे असेल ते उघडं दिसू द्यावं, झाकू नये, ही हानोव्हरची शिकवण. तिथे ती विटेवर गिरवली जाई. परतल्यावर त्यांनी हेन्रिक निसेन यांच्याबरोबर काही वर्षं भागीदारीत काम केलं, आणि पुढे तीच शिकवण लाकडाला लावली.

त्यांच्या शैलीला नॉर्वेत ‘ड्रागेस्टिल’, म्हणजे ड्रॅगन शैली म्हणतात. ऑस्लोच्या वरच्या डोंगरातलं १८९१ चं फ्रोग्नरसेतेरेन हे तिचं उत्तम उदाहरण. ते आजही उपाहारगृह म्हणून चालू आहे. खाली आडवे ओंडके, कोपऱ्यात खाचा पाडून एकमेकांत बसवलेले, त्यांची टोकं भिंतीबाहेर आलेली. वर शेतकऱ्यांच्या कोठाराप्रमाणे पुढे आलेला मजला, खोल वळचण, आणि आढ्याच्या टोकाला जीभ काढलेला ड्रॅगन. व्हायकिंग लोक असल्या घरात कधीच राहत नव्हते. व्हरांडा आणि मोठ्या खिडक्या तर सरळ तेव्हाच्या स्विस शैलीतून आल्या आहेत. म्हणून काही जण याला सोंग म्हणतात. मला ते पटत नाही. ड्रॅगन काढून टाकला तरी ते घर उभं राहतं ते ओंडक्यांच्या सांध्यांवर, आणि ते सांधे खेड्यातल्या सुतारांचे, पिढ्यान्‌पिढ्या हातात मुरलेले आहेत.

१८८९ मध्ये क्रिस्तियानियाच्या वरच्या डोंगरात, होल्मेनकोलेनला, मुंथे यांचं पर्यटक हॉटेल उघडलं. त्याच वर्षापासून कैसर दर उन्हाळ्यात जहाजानं नॉर्वेला येऊ लागला. १८९० च्या भेटीत त्यानं होल्मेनकोलेनची ही लाकडी कामं पाहिली आणि तशीच आपल्याला हवीत म्हणाला. रोमिन्टेनचा वाडा नॉर्वेच्या लाकडातून, नॉर्वेच्या सुतारांच्या हातून झाला. पुढे तिथे सेंट ह्यूबर्टसचं छोटं चॅपलही झालं. पोट्सडॅमला तळ्याकाठी कैसरच्या नौकांसाठी ‘कोंग्सनेस’ नावाचा धक्का आणि स्वागतगृह झालं. इकडे मायदेशी स्ट्रोमेनच्या कारखान्यात अशी घरं सुट्या भागांत तयार होऊन यादीवरून विकली जाऊ लागली.

मुंथे यांना पुढचं फार पाहायला मिळालं नाही. १८९८ मध्ये ते राजधानीचे पहिले नगर-वास्तुविशारद झाले आणि त्याच वर्षी मे महिन्यात, पन्नाशीतच गेले. होल्मेनकोलेनचं हॉटेल त्याआधीच, १८९५ मध्ये, जळून गेलं होतं. १९०५ मध्ये नॉर्वे स्वीडनपासून वेगळा झाला, तोवर ड्रॅगन शैलीची लाट ओसरू लागली होती. कोंग्सनेसचं स्वागतगृह १९४५ च्या लढाईत जळालं. नंतर त्या काठावरून बर्लिनच्या भिंतीची हद्द गेली, आणि कित्येक वर्षं तिथे कुणाला फिरकताही येत नव्हतं. भिंत पडल्यावर काही दशकांनी ते जुन्या रूपात पुन्हा बांधलं गेलं. आता ग्लिनिके पुलाजवळून तळ्याकडे पाहिलं, की आढ्यावरचे ड्रॅगन पुन्हा पाण्यावर दिसतात.