स्तनकर्करोग आणि प्रजननक्षमतेचे जतन

स्तनाच्या कर्करोगावर केमोथेरपी सुरू होण्यापूर्वी रुग्ण स्त्रीची बीजे, भ्रूण किंवा बीजकोशाचा तुकडा गोठवून ठेवणे, अथवा औषध देऊन बीजकोशांचे काम तात्पुरते थांबवणे, याला प्रजननक्षमतेचे जतन म्हणतात. भारतात हा रोग पाश्चात्त्य देशांच्या तुलनेने सरासरी सुमारे दहा वर्षे आधी गाठतो. त्यामुळे मूल व्हायचे राहिलेल्या किंवा लग्नच न झालेल्या रुग्ण इथे पुष्कळ असतात. निदान आणि पहिली केमो यांत दोन ते सहा आठवडे मिळतात. तेवढ्या अवधीत घेतलेला निर्णय वरवर वैद्यकीय दिसतो. प्रत्यक्षात मात्र पुढच्या दहा वर्षांत कोणाच्या सहीवाचून काय अडेल, हे त्याच वेळी ठरून जाते.

केमोने काय होते

सायक्लोफॉस्फामाइड हे औषध बीजकोशातल्या सुप्त बीजांना थेट मारते, आणि स्तनकर्करोगाच्या बहुतेक प्रचलित औषधयोजनांत ते असतेच. बाईचे वय जितके जास्त, तितका फटका मोठा. पंचविशीत पाळी परत येण्याची शक्यता चांगली असते, चाळिशीनंतर बहुतेकींची कायमची जाते. पाळी परत आली म्हणजे सगळे ठीक झाले असे नाही. साठा घटलेला असतो, आणि रजोनिवृत्ती काही वर्षे अलीकडे सरकते. उपचाराआधी एएमएचची (बीजांचा साठा दाखवणाऱ्या हार्मोनची) रक्ततपासणी आणि बीजकोशातल्या पुटिकांची, म्हणजे बीजे धरणाऱ्या लहान पिशव्यांची, सोनोग्राफीने मोजणी करून ठेवली, तर पुढे तुलनेला आधार राहतो.

हार्मोन-पॉझिटिव्ह, म्हणजे स्त्री-हार्मोनवर पोसणारी, गाठ असेल तर आणखी एक अडचण येते. टॅमॉक्सिफेन हे हार्मोनविरोधी औषध पाच ते दहा वर्षे घ्यायचे असते. ते बीजकोशाचे फारसे नुकसान करत नाही, पण गर्भाला घातक आहे. त्यामुळे ते चालू असताना गर्भ राहू देता येत नाही, आणि वय तर पुढे जातच असते.

बीजे काढण्याची पद्धत

पूर्वी पाळीच्या दुसऱ्या दिवसाची वाट पाहावी लागे आणि त्यात तीन-चार आठवडे जात. आता चक्राच्या कोणत्याही दिवशी सुरुवात करतात, आणि बीजांची संख्या त्यामुळे घटत नाही. बीजे वाढवणाऱ्या गोनॅडोट्रोपिनची रोज 150 ते 300 युनिटची इंजेक्शने साधारण 10 ते 12 दिवस दिली जातात. त्यासोबत रोज 5 मिलिग्रॅम लेट्रोझोल असते. बीजे वाढताना रक्तातले इस्ट्रोजेन एरवी अनेक पटींनी चढते, लेट्रोझोल ते आटोक्यात ठेवते. बीज काढल्यानंतरही इस्ट्रोजेन खाली येईपर्यंत गोळी चालू ठेवायची असते. काम झाले म्हणून ती त्याच दिवशी बंद करणे ही नेहमी होणारी चूक. (याच लेट्रोझोलच्या वंध्यत्वावरील वापरावर केंद्र सरकारने 2011 मध्ये बंदी घातली होती. पुढे ती उठली, तरी काही जुन्या डॉक्टरांच्या मनात धास्ती उरली आहे.)

मध्येच बीज सुटू नये म्हणून सेट्रोरेलिक्स 0.25 मिलिग्रॅम देतात. बीजे पक्व करणारे शेवटचे 'ट्रिगर' इंजेक्शन एचसीजी या हार्मोनचे न देता ल्युप्रोलाइड किंवा ट्रिप्टोरेलिनचे द्यावे. एचसीजीने बीजकोश फुगून पोटात पाणी साचण्याचा धोका असतो, आणि तसे झाले की केमो हमखास पुढे ढकलावी लागते. ट्रिगरनंतर 35-36 तासांनी हलक्या भुलीत योनिमार्गे सोनोग्राफीच्या साहाय्याने बीजे ओढून घेतात. त्यांतली पक्व तेवढीच द्रव नायट्रोजनमध्ये उणे 196 अंशांवर ठेवली जातात. पस्तिशीच्या आतल्या स्त्रीची 10 ते 15 पक्व बीजे हाती लागली, तर पुढे मूल होण्याची बऱ्यापैकी आशा धरता येते. पण आशाच. वितळवताना काही बीजे जातात, काही फळत नाहीत, आणि केमोची तारीख ठरलेली असल्याने दुसऱ्या फेरीला सहसा वेळ नसतो.

इथे सगळ्यांत जास्त वेळ वाया जातो तो रुग्णाला प्रजननतज्ज्ञाकडे उशिरा पाठवल्यामुळे. शस्त्रक्रिया आधी असेल तर जखम भरण्याच्या काळात हे काम आपसूक बसते. केमो आधी ठरली असेल तर बायॉप्सीचा अहवाल आला त्याच दिवशी चिठ्ठी द्यायला हवी. पोर्ट (केमो शिरेत देण्याचे कातडीखालचे साधन) बसवणे, हृदयाची तपासणी, स्कॅन यांत आठ-दहा दिवस तसेही जातात.

बीजकोशाचा तुकडा दुर्बिणीतून काढून गोठवायला इंजेक्शने लागत नाहीत. मात्र बीआरसीए जनुकदोष असलेल्या स्त्रीत तो तुकडा परत बसवणे धोक्याचे, कारण तिथेच कर्करोगाची भीती असते.

तिसरा मार्ग बीजकोशांचे काम तात्पुरते थांबवणाऱ्या गोसेरेलिनचा. केमोच्या एक आठवडा आधीपासून दर चार आठवड्यांनी 3.6 मिलिग्रॅमचे इंजेक्शन पोटाच्या कातडीखाली देतात. 2015 मध्ये प्रसिद्ध झालेल्या 'पोएम्स' चाचणीत हार्मोन-निगेटिव्ह रुग्णांपैकी ज्यांना गोसेरेलिन मिळाले, त्यांत दोन वर्षांनी बीजकोश निकामी झालेल्या 8 टक्के होत्या, न मिळालेल्यांत 22 टक्के. खर्च कमी, वेळही लागत नाही. पण त्याला गोठवण्याचा पर्याय मानू नये, जोड मानावी. पहिल्या केमोच्या दिवशीच ते टोचले तर पुरेसे संरक्षण मिळत नाही, कारण पहिले काही दिवस ते बीजकोशांना उलट उत्तेजन देते.

गर्भधारणा केव्हा

हार्मोन-पॉझिटिव्ह रुग्णांसाठी 'पॉझिटिव्ह' याच नावाच्या संशोधन-चाचणीने (2023) चित्र बदलले. 42 वर्षांपर्यंतच्या स्त्रियांनी 18 ते 30 महिने हार्मोनविरोधी गोळ्या घेऊन त्या जास्तीत जास्त दोन वर्षे थांबवल्या. गर्भधारणेसाठी पाठपुरावा केलेल्या 497 जणींपैकी 368 जणींना दिवस गेले आणि 317 जणींना जिवंत मूल झाले. तीन वर्षांत रोग उलटण्याचे प्रमाण 8.9 टक्के होते, तुलनेच्या गटात 9.2 टक्के. पाठपुरावा अजून तोकडा आहे, आणि हा रोग दहा-पंधरा वर्षांनीही डोके वर काढतो, हे रुग्णाला स्पष्ट सांगावे. टॅमॉक्सिफेन थांबवल्यावर तीन महिने आणि ट्रास्टुझुमॅबनंतर (एचईआर2-पॉझिटिव्ह गाठीवरचे औषध) सात महिने गर्भ राहू द्यायचा नाही.

बीज की भ्रूण

भारतात या विषयाला दोन कायदे लागू आहेत: साहाय्यित प्रजनन तंत्रज्ञान (नियमन) कायदा, 2021 आणि सरोगसी (नियमन) कायदा, 2021. दोन्ही 25 जानेवारी 2022 पासून अमलात आहेत. विवाह, घटस्फोट, पोटगी यांचे कायदे बहुतेक ठिकाणी धर्मागणिक निराळे आणि गोव्यात पोर्तुगीज काळापासूनची नागरी संहिता. हे दोन मात्र सगळ्यांना सारखेच.

पहिल्या कायद्यानुसार 21 ते 50 वयाची कोणतीही स्त्री, अविवाहितसुद्धा, स्वतःच्या नावावर सेवा घेऊ शकते. भ्रूण जोडप्याचा म्हणून करायचा असेल, तर ते जोडपे विवाहित लागते. गोठवण्यापूर्वी सर्व संबंधितांची लेखी संमती हवी, आणि कोणी दगावले किंवा अक्षम झाले तर साठ्याचे काय करायचे हेही लिहून द्यावे लागते. ही संमती गर्भाशयात भ्रूण सोडेपर्यंत केव्हाही मागे घेता येते. अडचण इथेच आहे. भ्रूण दोघांचा असतो. लग्न मोडले आणि नवऱ्याने संमती काढून घेतली, तर केमोनंतर एकही बीज न उरलेल्या बाईकडे दुसरा मार्ग राहत नाही, आणि तिची ही अवस्था लक्षात घेणारा अपवाद कायद्यात नाही. परदेशांतही निकाल एका दिशेचे नाहीत. बीजकोशातील गाठींमुळे भ्रूण गोठवलेल्या ब्रिटिश स्त्रीची मागणी युरोपीय मानवी हक्क न्यायालयाने 2007 मध्ये 13 विरुद्ध 4 मतांनी फेटाळली, तर अमेरिकेत इलिनॉयच्या अपील न्यायालयाने 2015 मध्ये लिम्फोमाच्या (लसीकाग्रंथींच्या कर्करोगाच्या) रुग्ण स्त्रीला तीन भ्रूण वापरू दिले, कारण जोडीदाराने आधी कबुली दिली होती.

म्हणून विवाहितेनेही निदान काही बीजे तरी न फळवता ठेवावीत. भ्रूण वितळताना अधिक टिकतो हे पूर्वीचे कारण आजच्या तंत्रात बरेच दुबळे झाले आहे. बीआरसीए दोषासाठी भ्रूणाची जनुकतपासणी करायची असेल तर भ्रूण लागतोच, पण बीजे पुढेही फळवता येतात. अशी तपासणी कायद्याला मान्य आहे, लिंगनिवड नाही. साठवणुकीची दहा वर्षांची मर्यादा कायद्याने भ्रूणाला आणि दात्याच्या बीजाला घातली आहे. छत्तिसाव्या वर्षी गोठवलेल्या भ्रूणाची मुदत सेहेचाळिसाव्या वर्षी संपते.

संमतिपत्र घाईत भरले जाते आणि 'मृत्यू झाल्यास' या रकान्यापुढची खूण कोणी वाचत नाही. कर्करोगाने गेलेल्या एका अविवाहित तरुणाने आपले वीर्य मृत्यूनंतर नष्ट करावे असे लिहून दिले होते. त्याच्या आईच्या याचिकेवर मुंबई उच्च न्यायालयाने 2025 मध्ये सुनावणी होईपर्यंत ते जपून ठेवण्याचा अंतरिम आदेश दिला. त्या एका खुणेपायी आईला उच्च न्यायालय गाठावे लागले.

सरोगसी

विवाहित जोडप्यात पत्नी 23 ते 50 आणि पती 26 ते 55 वर्षांचा हवा. एकटीला परवानगी आहे ती फक्त विधवा किंवा घटस्फोटितेला, तीही 35 ते 45 या वयात आणि स्वतःच्याच बीजांवर. लग्न न झालेली रुग्ण बीजे गोठवू शकते, सरोगसी करू शकत नाही. ही विसंगती पटण्याजोगी नाही. कर्करोगानंतर गर्भारपण जिवावर बेतणारे असल्यास जिल्हा वैद्यकीय मंडळाकडून तसा दाखला, मग प्रथमवर्ग दंडाधिकाऱ्यांचा पालकत्वाचा आदेश आणि सरोगेट मातेचा 36 महिन्यांचा विमा, असा क्रम आहे. सरोगसीसाठी म्हणून बीजे किंवा भ्रूण साठवायला कायद्याची मनाई आहे, तेव्हा कागदावर हेतू 'केमोपूर्व प्रजननक्षमता जतन' असाच लिहावा. कायदा येण्याआधीच ज्यांचे भ्रूण गोठवलेले होते, त्यांना वयाची अट लागू नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने ऑक्टोबर 2025 मध्ये ठरवले.

खर्च, पोटगी, लग्न

आयुष्मान भारत योजनेत प्रजननविषयक उपचार वगळले आहेत, म्हणजे गोठवण्याचे पैसे खिशातून जातात. साठवणुकीचे वार्षिक भाडे थकले की साठा धोक्यात येतो. पत्ता आणि फोन बदलल्यावर साठा ठेवणाऱ्या केंद्राला लेखी कळवून पोच घ्यावी.

कर्करोग हे हिंदू विवाह कायद्यात घटस्फोटाचे कारण नाही. प्रत्यक्षात बाईवर 'परस्पर संमती'चे दडपण येते. 2015 मध्ये सर्वोच्च न्यायालयात न्या. एम. वाय. इक्बाल आणि न्या. सी. नागप्पन यांच्यापुढे असेच प्रकरण आले. पत्नीला स्तनकर्करोग होता आणि समझोत्यात ठरलेली रक्कम उपचाराला लागणार होती. पत्नीचा उपचार हे पतीचे मुळातले कर्तव्य, ते घटस्फोटाचा मोबदला होऊ शकत नाही, असे सांगून न्यायालयाने पाच लाख रुपये आधी द्यायला लावले आणि घटस्फोटाचा विचार ती बरी झाल्यावर करायचा, असे ठरवले. उपचारखर्च मागण्याचे रस्ते दोन: भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 144 खाली पोटगी, किंवा कौटुंबिक हिंसाचार कायद्याच्या कलम 20 खाली वैद्यकीय खर्च. दुसऱ्यात घरात राहण्याचा हक्कही त्याच अर्जात मागता येतो. अर्जाला नुसती बिले जोडून भागत नाही. पुढच्या केमोंचे वेळापत्रक आणि रुग्णालयाचे खर्चाचे अंदाजपत्रक हवे, नाहीतर अंतरिम आदेश झालेल्या खर्चापुरताच निघतो.

उपचार झालेल्या मुलीचे लग्न ठरताना आजार लपवला, तर हिंदू विवाह कायद्याच्या कलम 12 खाली फसवणुकीच्या कारणाने विवाह रद्द करण्याचा अर्ज येऊ शकतो. फसवणूक उघड झाल्यापासून एक वर्षाच्या आत तो करावा लागतो. स्थळाशी बोलणी चालू असतानाच हे सांगावे आणि त्याचा एखादा लेखी पुरावा, साधा मेसेजसुद्धा, ठेवावा.

दत्तकासाठी 2022 च्या नियमावलीत इच्छुक पालकाला जीवघेणा आजार नसावा अशी अट आहे. कर्करोग होऊन गेलेल्यांवर ती सरसकट लागत नाही, पण गृहभेटीचा अहवाल लिहिणारा कार्यकर्ता 'कर्करोग' हा शब्द पाहून थबकतो. उपचार कोणत्या तारखेला संपले, गाठ कोणत्या टप्प्यातली होती आणि शेवटच्या तपासणीत काय आढळले, एवढे लिहिलेले कर्करोगतज्ज्ञाचे पत्र नोंदणीच्या वेळीच जोडावे. 'प्रकृती ठीक' असा मोघम दाखला सहसा परत येतो.