हळू चालवून गुडघा वाचत नाही

रविवारी सकाळी सिंहगडाच्या किंवा कात्रजच्या चढावर उभं राहावं आणि माणसांकडे न बघता सायकलींच्या चेनकडे बघावं. निम्म्याहून अधिक नव्या सायकलींची चेन पुढच्या सगळ्यात मोठ्या चकतीवर चढलेली असते. वरचा माणूस डावी-उजवीकडे झुलत, एकेक पॅडल अंगाखाली दाबत चाललेला असतो. टोकलं तर उत्तर ठरलेलं: "सावकाशच चाललोय की, गुडघ्यावर कसला ताण येतोय!" दुपारी जिना उतरताना वाटीच्या मागे कळ येते आणि संध्याकाळपर्यंत घरात निकाल लागतो, की सायकलने गुडघे झिजतात.

गंमत अशी, की गुडघ्याची झीज सुरू झालेल्यांना डॉक्टर आणि फिजिओथेरपिस्ट अनेकदा सायकलच चालवायला सांगतात. तीत शरीराचा भार सीटवर जातो आणि धावताना बसतो तसा आदळा बसत नाही. सायकल तीच आणि गुडघाही तोच, पण मधे गिअर येतो.

शाळेत बल आणि शक्ती हे दोन वेगळे धडे होते. शक्ती म्हणजे काम किती वेगाने केलं. हळू चालवलं की शक्ती कमी लागते, धाप कमी लागते, हृदयाचे ठोके खाली राहतात. पण गुडघ्यातल्या कूर्चेला, म्हणजे हाडांच्या टोकांवरच्या गुळगुळीत थराला, शक्ती कळत नाही, तिला कळतं बल. आणि चढावर लागणाऱ्या बलाचा तुमच्या वेगाशी जवळपास काही संबंध नसतो.

आकडे मांडून बघू. माणूस ७० किलोचा, सायकल आणि पाण्याची बाटली मिळून १४ किलो, एकूण ८४. चढ ८ टक्के, म्हणजे १०० मीटर पुढे गेलं की ८ मीटर वर. गुरुत्वाकर्षण मागे खेचतं ८४ च्या ८ टक्क्यांनी, म्हणजे साधारण पावणेसात किलोने. टायरचं घर्षण अर्धा किलो. झाले सव्वासात किलो. ताशी ८ किलोमीटरने जा नाहीतर ६ ने, हे सव्वासात किलो हलत नाहीत. हवेचा विरोध इतक्या कमी वेगात नगण्य असतो.

आता हे ओझं पायापर्यंत कसं येतं ते बघायचं. पॅडलचा दांडा, म्हणजे क्रँक, बहुतेक सायकलींवर १७० मिलिमीटरचा असतो. एका फेऱ्यात पाऊल १.०७ मीटरचं वर्तुळ पुरं करतं. तेवढ्यात सायकल किती पुढे जाते, हे गिअर ठरवतो. बाजारातल्या २१ गिअरच्या साध्या हायब्रिड सायकलीवर पुढे ४८, ३८ आणि २८ दात्यांच्या तीन चकत्या असतात, मागे १४ पासून २८ दात्यांपर्यंतच्या सात. चाकाचा घेर साधारण २.१७ मीटर. पुढचे दाते भागिले मागचे दाते, गुणिले चाकाचा घेर, हे झालं एका फेऱ्यातलं अंतर. पावलाने केलेलं काम आणि चाकाने केलेलं काम सारखंच असणार (चेनमध्ये दोन-चार टक्के वाया जातं, ते सोडून देऊ), त्यामुळे अंतर जितक्या पट जास्त, तितक्या पट पायावरचा जोर जास्त.

पुढे ४८ आणि मागे २० असेल, तर एका फेऱ्यात सायकल ५.२ मीटर जाते आणि पॅडलवर सरासरी ३५ किलोचा जोर लावावा लागतो. ३८ आणि २४ वर तो २३ किलो होतो. २८ आणि २८ वर सुमारे १५ किलो. त्याच चढावर, त्याच वेगात, त्याच माणसाला. ताशी ८ किलोमीटरला पहिल्या जोडीत मिनिटाला २६ फेरे पडतात, शेवटच्या जोडीत ६१. धाप दोन्हीकडे जवळपास सारखीच, पण पहिल्या जोडीत एकेका फेऱ्यात पायाला सव्वादोन पटींहून जास्त दाबावं लागतं.

शिवाय ही नुसती सरासरी. पॅडल वर आणि खाली असताना पाय जवळपास काहीच करत नाही. सगळा जोर ते पुढे, घड्याळातल्या तीनच्या आसपास असताना लागतो. त्या क्षणी तो सरासरीच्या दीडपट ते दुप्पट असतो. म्हणजे ४८-२० च्या जोडीत ५३ ते ७० किलो. सत्तर किलोच्या माणसाला अख्खं अंग एका पॅडलवर टाकावं लागतं. झुलणं येतं ते इथून.

इथवर झाला पॅडलचा हिशेब. गुडघ्याचा हिशेब याहून वाईट आहे आणि जास्त सुंदरही.

मांडीच्या पुढचा मोठा स्नायू एका जाड कंडरेतून गुडघ्याच्या वाटीला बांधलेला असतो आणि वाटी दुसऱ्या कंडरेने खाली नडगीच्या हाडाला. या दोरीने नडगी ओढली जाते आणि पाय सरळ होतो. पण दोरी गुडघ्याच्या मध्याच्या फार जवळून जाते, साधारण ४ सेंटिमीटरवरून. पॅडलचा जोर मात्र गुडघ्याच्या मध्यापासून दूर राहून पाय दुमडू पाहतो. हे अंतर १० सेंटिमीटर धरू. तरफेचा साधा नियम लावला, तर पॅडलवर ३० किलो असताना स्नायूला ७५ किलोने ओढावं लागतं. दार बिजागरीजवळ धरून उघडण्यासारखं आहे हे.

आता वाटी. विहिरीची कप्पी आठवा. पोहरा खाली लटकतोय आणि तुम्ही दोर कठड्यावरून आडवा ओढताय, म्हणजे दोर कप्पीवर काटकोनात वळतो. पोहरा १० किलोचा असेल तर कप्पीच्या आसावर सुमारे १४ किलोचा भार पडतो. दोर सरळ खाली ओढलात, तर दोन्ही बाजूंना १०-१० किलो, म्हणजे आसावर २० किलो. दोर कप्पीला जेमतेम स्पर्श करून जवळपास सरळ गेला, तर आसाला काहीच जाणवत नाही. ओढ तीच, पण दोर जितका जास्त वळेल तितका कप्पीवरचा दाब वाढतो. वाटी ही ती कप्पी. गुडघा ३० अंश वाकलेला असताना वाटी मांडीच्या हाडावर स्नायूच्या ओढीच्या निम्म्याने दाबली जाते, ९० अंशांवर १.४ पटीने, ११० अंशांवर १.६ पटीने. वरच्या ७५ किलोचे ९० अंशांवर १०५ किलो होतात. चढावर जड गिअर ओढणाऱ्याचं पॅडल ६० किलोवर जातं, तिथे दुप्पट धरा. दर फेऱ्याला, प्रत्येक गुडघ्यात.

खरी वाटी कप्पीइतकी सरळ नाही. कप्पीच्या दोन्ही बाजूंना दोराचा ताण सारखा असतो. वाटीच्या वरच्या आणि खालच्या कंडरेतला ताण वेगवेगळा असतो आणि त्यांचं गुणोत्तर गुडघ्याच्या कोनाबरोबर बदलतं, कारण वाटी मांडीच्या हाडाच्या खाचेत घसरताना स्वतःही कलते. शिवाय संपर्काची जागा सरकते. गुडघा थोडा वाकलेला असताना वाटीचा खालचा भाग टेकतो, ९० अंशांकडे जाताना वरचा, आणि टेकणारं क्षेत्रफळ वाढत जातं. म्हणून बल वाढलं, तरी प्रत्येक चौरस सेंटिमीटरवरचा दाब त्याच पटीत वाढत नाही. त्याहीपेक्षा जास्त वाकलं की वरची कंडराच हाडाला टेकते आणि थोडा भार उचलते. शरीराने ही सोय करून ठेवलीय म्हणून तर आपण उकिडवे बसू शकतो. मात्र उकिडवं आपण क्वचित बसतो. घाटात तासाभरात दीड-दोन हजार फेरे होतात.

म्हणजे गुडघ्यावरचा दाब दोन गोष्टी ठरवतात, ओढ किती आणि वाक किती. ओढ गिअरच्या हातात, वाक सीटच्या. आपल्याकडे सीट हमखास खाली असते, कारण दुकानात सायकल देताना "बसून दोन्ही पाय टेकतायत ना?" असं विचारायची रीत आहे. लहान मुलाला शिकवताना ते ठीक. मोठ्या माणसाचे सीटवर बसून दोन्ही तळपाय सपाट टेकत असतील, तर सीट खात्रीने खाली आहे. थांबताना सीटवरून पुढे उतरून उभं राहायचं असतं. अनवाणी भिंतीला टेकून उभं राहा, पुठ्ठ्याचं पुस्तक पायांत घेऊन वर घट्ट दाबा आणि जमिनीपासून त्याच्या वरच्या कडेपर्यंत मोजा. त्याला ०.८८३ ने गुणा. माप ७८ सेंटिमीटर आलं, तर क्रँकच्या मध्यापासून सीटच्या माथ्यापर्यंत सुमारे ६९ सेंटिमीटर हवेत, सीटच्या नळीच्या रेषेत. पडताळा सोपा आहे: पॅडल सगळ्यात खाली असताना टाच त्यावर ठेवली, तर पाय जवळजवळ सरळ व्हावा. चवडा ठेवला की गुडघा २५ ते ३५ अंश वाकलेला राहतो. सीट बरीच खाली असेल तर एकदम वर नेऊ नका. दर दोन-तीन फेरफटक्यांनी ५ मिलिमीटर, आणि नळीवरची कमाल उंचीची खूण बाहेर दिसू देऊ नका. सीट जास्त वर गेली, तर कंबर दोन्ही बाजूंना घसरते आणि दुखणं गुडघ्याच्या मागे जातं.

सपाट रस्त्यावर गिअरची एवढी चिंता कशाला, हा प्रश्न रास्त आहे. वारा नसताना ताशी २० किलोमीटरला एकूण विरोध दीड किलोच्या आसपास असतो. सगळ्यात जड ४८-१४ वरसुद्धा पॅडलवर सरासरी १० किलोच येतात, म्हणजे घाटातल्या सगळ्यात हलक्या गिअरपेक्षा कमी. पण सिग्नल लागतो. तुम्ही ४८-१४ वरच थांबता आणि हिरवा झाल्यावर पाच सेकंदांत ताशी ९ किलोमीटरला पोचू बघता. तेवढ्यापुरते पॅडलवर ३३ किलो येतात. चुकीच्या गिअरमधला ८ टक्क्यांचा घाट तो हाच. शहरातून १० किलोमीटर जाताना असे वीस घाट चढणाऱ्याला वाटतं, आपण तर सपाटीवर चालवतो.

गिअर थांबायच्या आधी उतरवायचा. साखळीचे गिअर पॅडल फिरत असतानाच बदलतात. उभ्या सायकलीवर खटका दाबला, तर पुढचं पॅडल मारताक्षणी चेन कडकडते नाहीतर उतरते. सिग्नल दिसला की पॅडल हलकेच फिरवत उजव्या हाताचा खटका दोन-तीन घरं खाली आणा. घाटाचं तसंच. डाव्या हाताने पुढची चकती बदलायची ती चढ लागायच्या आधी, कारण ताणलेली चेन बाजूला ढकलणं पुढच्या डिरेलरला, म्हणजे चेन एका चकतीवरून दुसरीवर नेणाऱ्या यंत्रणेला, जड जातं. चढात अडकलातच, तर एक फेरा जोर लावून थोडा वेग घ्या, पुढच्या अर्ध्या फेऱ्यात पाय सैल सोडा आणि त्यातच खटका दाबा. पुढची सगळ्यात मोठी आणि मागचीही सगळ्यात मोठी, किंवा दोन्हीकडे सगळ्यात लहान, या जोड्या टाळा. चेन तिरकी ओढली जाऊन घासते आणि लवकर लांबते.

फेरे मोजायला यंत्र नको. १५ सेकंदांत उजवा गुडघा किती वेळा वर येतो ते मोजा आणि चौपट करा. सपाटीवर ७५ ते ९०, चढावर ६० च्या वर, एवढं पुरे. "मिनिटाला ९० च्या खाली आलात तर गुडघे गेले" असं छातीठोक सांगणारे व्हिडिओ फिरतात, त्यांना फार मनावर घेऊ नका. ९० हा आकडा शर्यतवाल्यांचा. त्यांची शक्ती आपल्या दोन-तीन पट असते, म्हणून जोर आवाक्यात ठेवायला त्यांना तेवढे फेरे लागतात. १०० वॉटवर चालणाऱ्याने ९५ फेरे मारले, तर बरीच मेहनत स्वतःच्याच मांड्या वरखाली करण्यात जाते. प्राणवायूच्या हिशेबाने तर साधारण ६० फेरेच स्वस्त पडतात. फुप्फुसांचा आणि गुडघ्याचा सौदा वेगवेगळा आहे.

हलक्या गिअरला कमीपणा मानण्याचा रोग जुना आहे. टूर द फ्रान्स सुरू करणाऱ्या आंरी देग्रांज यांनी १९०२ मध्ये लिहिलं होतं, की बदलते गिअर हे पंचेचाळिशी उलटलेल्यांसाठी. त्या शर्यतीत डिरेलरला परवानगी मिळायला १९३७ साल उजाडलं.

आणि गुडघ्याला बांधायचे ते चुंबकाचे पट्टे, तांब्याचं कडं, "वंगण भरून काढणारं" तेल? त्वचेवर चोळलेलं तेल सांध्याच्या पोकळीत पोचत नाही; चोळण्याने बरं वाटतं ते चोळण्याचं श्रेय. कूर्चेत रक्तवाहिन्याच नसतात. स्पंज दाबून सोडावा तशी ती दाब पडताना द्रव सोडते आणि सुटताना शोषते, त्यावरच जगते. हलक्या गिअरमधले हजारो फेरे तिला चालतात, नव्हे, हवे असतात. मात्र गुडघा सुजला, अडकू लागला किंवा रात्री विश्रांतीतही ठणकत राहिला, तर गिअर बदलत बसू नका, अस्थिरोगतज्ज्ञ गाठा.

ज्यांच्या सायकलीला गिअरच नाहीत त्यांनाही एक गिअर निवडता येतो. साध्या काळ्या सायकलीला बहुधा पुढे ४४ आणि मागे १८ दाते असतात. मागचं फ्रीव्हील काढून २२ दात्यांचं बसवलं, तर पॅडलवरचा जोर १८ टक्क्यांनी उतरतो. चेन थोडी कमी पडते, म्हणून मागचं चाक खाचेत सव्वा सेंटिमीटर पुढे सरकवावं लागतं. तेवढी जागा नसेल, तर चेनला एक जोड वाढवा. चाक सरकवल्यावर ते मडगार्डला घासत नाही ना आणि ब्रेकचे रबर रिमवरच बसतायत ना, हे तपासूनच नट घट्ट करा.